काकांना सबटायटल कशाला?

चिंतामणी गुप्ते यांना इटालियन येतं, हे बदलापूरच्या बेलवलीत कुणालाही विचारा! वॉचमनला माहीत होतं, कारण गुप्तेसाहेब सकाळी दूध आणायला जाताना त्याला ‘चाओ’ म्हणत आणि परत येतानाही ‘चाओ’च म्हणत. इस्त्रीवाल्याला माहीत होतं, कारण शर्टाची कॉलर बघून ते ‘बेल्लो, बेल्लो’ करत. घरात तर विचारूच नका. चहाचा कप हातात आला की ‘प्रेगो’, जेवून उठले की ‘प्रेगो’, आणि मालिनीबाईंनी एखादं काम सांगितलं की ‘प्रेगो, प्रेगो’ म्हणत ते पेपरात तोंड घालत. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं व्हॉल्व्ह तपासले, त्या कारखान्याने १९९६ साली त्यांना एक मशीन बघायला इटलीला पाठवलं होतं. एकवीस दिवस! त्या एकवीस दिवसांवर पुढची जवळजवळ तीस वर्षं अगदी मजेत चालली होती.

यात कुणाचं काही बिघडत नव्हतं. बदलापुरात इटालियन माणूस येतोय कशाला!

बिघडलं ते राजसीच्या बायोडेटामुळे. राजसी ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती अंबरनाथलाच एका केमिकल कंपनीत क्वालिटी कंट्रोलला होती आणि आलेल्या स्थळांनाही तोच नियम लावत होती. एका मुलाने आठ वर्षांपूर्वीचा फोटो पाठवला. रिजेक्ट! दुसऱ्याने ‘ट्रेकिंगची आवड’ लिहिलं होतं आणि गुप्त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तो दोनदा जिन्यात बसला. रिजेक्ट!

“बाबा, मला उंच नको, गोरा नको, श्रीमंत नको,” ती म्हणायची. “फक्त थापाड्या नको!”

“अगदी बरोबर,” चिंतामणी म्हणायचे. आणि त्याच चिंतामणींनी तिच्या बायोडेटात वडिलांच्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहून ठेवलं होतं: ‘निवृत्त अधिकारी. इटालियन भाषेवर प्रभुत्व.’

तो बायोडेटा फिरत फिरत अंबरनाथच्या सुनंदाताई टिपणीसांच्या हातात पडला. त्यांचा मुलगा अनीश कूलिंग प्लांटचा इंजिनियर होता. त्यांचा दुसऱ्याच दिवशी फोन!

“अहो गुप्तेसाहेब, काय योग बघा! आमचा अनीश दोन वर्षं इटलीत होता. इटालियन अस्खलित! इथे त्याला बोलायला कुणी मिळत नाही हो. सासरा इटालियन बोलणारा मिळतोय म्हटल्यावर मी पत्रिकासुद्धा बघितली नाही!”

चिंतामणींच्या पायाखालची जमीन सरकली. फोन ठेवल्यावर त्यांनी हालचाल सुरू केली. ‘मुलगा फारच शिकलेला आहे,’ म्हणून पाहिलं. ‘अंबरनाथ लांब पडेल,’ म्हणून पाहिलं. “लांब?” मालिनीबाई म्हणाल्या, “मधे एक स्टेशन नाही!” शेवटी जुलैतला रविवार ठरला आणि चिंतामणींनी आपली सगळी आशा पावसावर ठेवली. उल्हास नदीला पूर यावा, भुयारी मार्ग भरावा, पाहुण्यांनी तिकडूनच हात जोडावेत!

पावसाने ऐकलं, पण जरा उशिरा. सकाळी दहाला टिपणीस मायलेक रिक्षाने आले. पावणेअकराला असा काही धो धो कोसळायला लागला की सव्वाअकराला भुयारी मार्ग तुडुंब, गाड्या बंद, आणि खाली पार्किंगमध्ये स्कूटरची चाकं अर्धी पाण्यात! पाहुणे आता येऊ शकत नव्हते असं नाही, ते जाऊ शकत नव्हते.

“जेवूनच जा आता,” मालिनीबाई आनंदाने म्हणाल्या. “सुकी कोळंबी घालून सोड्यांची खिचडी टाकते.”

त्या दिवशी घरात आणखी एक माणूस अडकलं होतं. बनूबाई! बारवी धरणाकडच्या पाड्यावरून दर रविवारी त्या रानभाज्या घेऊन यायच्या. कर्टोल्यांची पाटी बाजूला ठेवून, ओलं इरलं दारामागे टेकवून, त्या दाराजवळच्या पाटावर चहा फुंकत बसल्या होत्या.

तोवर पोहे झाले होते. राजसी अनीशशी चार वाक्यं बोलली होती आणि चिंतामणींना तिच्या चेहऱ्यावरून कळलं की पोरीला मुलगा आवडतोय. हे फार वाईट झालं. मुलगा खरंच चांगला होता. पोह्यांत खोबरं कमी आहे हे त्याला कळलं होतं आणि तरी त्याने ते खाल्ले होते. सुनंदाताईंनी मधेच “राजसी, जरा ते तांब्याभांडं आणतेस का?” असं अगदी सहज म्हटलं. राजसी स्वयंपाकघरात गेली आणि परत आली, तेवढ्या वेळात त्यांनी तिची चाल टाचेपासून तपासून घेतली.

आणि मग ज्याची भीती होती ते झालं.

“बोला की आता दोघं!” सुनंदाताई टाळी वाजवून म्हणाल्या. “इटालियनमध्ये! ऐकू दे आम्हाला.”

चिंतामणींनी अनीशकडे पाहिलं. अनीशने चिंतामणींकडे पाहिलं.

“बायकांना कळणार नाही अशा भाषेत चारचौघांत बोलणं,” चिंतामणी म्हणाले, “इटलीत असभ्यपणाचं समजतात.”

“फारच असभ्य!” अनीश एका दमात म्हणाला.

चिंतामणींना वाटलं, किती समंजस पोरगा! सासऱ्याची लाज राखतोय. यापुढे तोंड उघडलं की आपण संपलो!

पण सुनंदाताई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पर्समधून एक पेन ड्राइव्ह काढला. “बरं, मग हे बघा. अनीशने खास तुमच्यासाठी आणलंय. इटालियन पिक्चर! मी मुद्दाम सांगितलं, सबटायटलवाला आणू नकोस. काकांना सबटायटल कशाला? अपमान व्हायचा त्यांचा!”

“वा,” चिंतामणी म्हणाले. त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा आला. “पण आज नेट...”

“पेन ड्राइव्हला नेट कशाला लागतं, बाबा?” राजसीने तोवर तो टीव्हीला लावलासुद्धा.

“तुम्ही आम्हाला सांगत जा,” सुनंदाताई पाय वर घेऊन बसल्या. “तुमचं काही राहिलं तर अनीश आहेच!”

पिक्चर सुरू झाला. आधी धुकं. मग धुक्यात रस्ता. मग रस्त्यावर एक मिशीवाला माणूस चालायला लागला. तो चालला, चालला, सात मिनिटं चालला! कुणी एक शब्द बोललं नाही. चिंतामणींनी आयुष्यात इतक्या मनापासून कुठला सिनेमा पाहिला नव्हता. असाच अडीच तास चालत राहा रे बाबा, असं ते मनात म्हणत होते.

पण तो एका घराशी पोचला. दार उघडलं. आत एक टोपीवाला म्हातारा आणि काळ्या झग्यातली एक बाई. ती बाई जी बोलायला लागली ती दोन मिनिटं थांबेचना!

सगळ्यांनी चिंतामणींकडे पाहिलं.

“ती म्हणते,” चिंतामणी म्हणाले, “या, बसा.”

“एवढंच?” सुनंदाताई म्हणाल्या. “इतका वेळ बोलली की!”

“खेड्यातली इटालियन आहे. जरा ऐसपैस असते. काय अनीशराव?”

“हो काका, फारच ऐसपैस,” अनीश म्हणाला आणि रुमालाने मान पुसली.

मग मिशीवाला एकच शब्द बोलला. आता इतकं ऐसपैस बोलणाऱ्या माणसांत एका शब्दाचं काय करायचं? चिंतामणींच्या डोक्यात आठवडाभर एकच विषय घोळत होता. तोच बाहेर पडला.

“तो म्हणतोय, मी मुलगी बघायला आलोय!”

“अगं बाई!” सुनंदाताई सावरून बसल्या. “म्हणजे आपल्यासारखंच! हे कोण मग?”

“हा टोपीवाला मुलीचा बाप. ती काळ्या झग्यातली मुलीची आई.”

“आणि मुलगा काय करतो?”

“तो... अनीशराव, तुम्ही ऐकलंत ना?”

अनीश चाचरत म्हणाला, “रोमला नोकरीला आहे. कूलिंग प्लांटमध्ये.”

“बघा!” सुनंदाताईंचा ऊर भरून आला. चिंतामणी मात्र थक्क झाले. मुलाला नोकरीचा तपशीलसुद्धा कळला! आपल्याला तर मिशीवाल्याने पुन्हा तोंड उघडल्याचंही दिसलं नव्हतं.

पडद्यावर बाईने टेबलावर मूठ आपटली आणि ती त्या मिशीवाल्यावर जोरजोरात ओरडायला लागली.

“हे काय?” सुनंदाताई ताठ झाल्या. “मुलाकडच्यांवर ओरडते? शोभतं का हे?”

“आग्रह करतेय!” चिंतामणी घाईने म्हणाले. “अजून पाव घ्या, घ्यायलाच पाहिजे, म्हणते.”

“असं होय. खाऊनपिऊन सुखी घर दिसतंय.”

दारातून बनूबाई म्हणाल्या, “तिच्या डोल्यात पानी हाय ओ.”

“आग्रहाने येतं,” चिंतामणी म्हणाले.

तेवढ्यात म्हातारा उठला, त्याने काहीतरी म्हटलं, टोपी सारखी केली आणि पाहुण्याला घेऊन तो दाराकडे निघाला. चिंतामणींना आता सूर सापडला होता. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

“आता बघा हं! आता मुलगी दाखवणार!”

दार उघडलं आणि पडद्यावर गाय आली.

बाहेर पाऊस, आत गाय. मिशीवाला तिच्याभोवती एक फेरी मारून आला. त्याने तिचं तोंड उघडून दात पाहिले. पाठीवर थाप मारली. म्हाताऱ्याने दोरी ओढली तशी गाय या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

“ही...” सुनंदाताई म्हणाल्या.

“आंदण!” चिंतामणी ओरडलेच. “मुलीबरोबर गाय देतात तिकडे. आधी गाय दाखवायची, मग मुलगी. अनीशराव?”

“पद्धतच आहे, आई. उत्तर इटलीत विशेष.”

“नाय ओ सायेब,” बनूबाई म्हणाल्या. “ह्यो त गायीचा सौदा हाय. चालवून बगतो, पायात लंगडी हाय का त्ये. आमच्याकडं पन असंच बगतात.”

राजसीच्या तोंडून फस्सकन हसू बाहेर पडलं. तिने हळूच तांब्याभांड्याकडे पाहिलं, मग सुनंदाताईंकडे पाहिलं. सुनंदाताईंना एकदम खोकला आला.

“बनूबाई, तुम्हाला इटालियन येतं का?” चिंतामणींनी जरा खडसावून विचारलं.

“नाय बा.”

“मग!”

आणि त्याच क्षणी दिवे गेले. पंखा थांबला, टीव्ही काळा पडला. चिंतामणींनी वीज घालवणाऱ्या त्या अज्ञात माणसाला मनोमन शंभर वर्षं आयुष्य चिंतलं.

मालिनीबाई सुनंदाताईंना खिचडी दाखवायला आत घेऊन गेल्या, राजसी त्यांच्या मागे गेली, आणि चिंतामणी हवा खायला बाल्कनीत आले. अनीश त्यांच्या पाठोपाठ. खाली पार्किंगचा तलाव झाला होता. कुणाची तरी चप्पल ऐटीत गेटकडे निघाली होती.

“काका, एक बोलायचं होतं.”

आलं! चिंतामणींनी कठडा घट्ट धरला. या मुलाला पहिल्या वाक्यापासून सगळं कळलंय. तो थांबला ते केवळ चांगल्या घरचा म्हणून!

“बोला,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण एक विनंती आहे. यात राजसीचा काही दोष नाही. पोर फार सरळ आहे. जे काय ते माझं.”

“तुमचं?” अनीश गोंधळला. “काका, माझं म्हणतोय मी. मला... मला इटालियन येत नाही.”

पाऊस एकदम दूर गेल्यासारखा वाटला.

“पुन्हा म्हण!” चिंतामणी म्हणाले. राव गळून पडला हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

“एक अक्षर येत नाही! मी तिथे एका डेअरीत होतो, चीजच्या गोदामाचं कूलिंग बघायला. त्या डेअरीभर सगळे पंजाबी, काका! मुकादम पंजाबी, ड्रायव्हर पंजाबी, घरमालक पंजाबी. दोन वर्षांनी मी अस्खलित पंजाबी शिकून परत आलो. आईने शेजारीपाजारी सांगून टाकलं, मग बायोडेटात घातलं. तुम्ही आज एवढं भराभर सगळं सांगत होता, मला तर वाटलं आता माझी परीक्षाच घेताय!”

चिंतामणींनी त्याला मिठी मारली. अशी कडकडून, की अनीशच्या खिशातला मोबाइल खाली पडता पडता राहिला!

“अरे बाळा!” ते म्हणाले. “एकवीस दिवसांतले नऊ दिवस माझं पोट बिघडलेलं होतं. उरलेले बारा दिवस माझ्याबरोबर उल्हासनगरचा एक सिंधी व्यापारी होता. तो हॉटेलात सरळ सिंधीत बोलायचा आणि त्याला सगळं मिळायचं! मी त्याच्या मागे उभा राहून ‘प्रेगो’ म्हणायचो.”

दोघं हसले. मग दोघंही हसायचे थांबले, कारण दोघांना एकाच वेळी राजसी आठवली.

“ती म्हणाली मला मगाशी,” अनीश म्हणाला. “थापाड्या माणूस चालणार नाही. मला तेव्हाच सांगायचं होतं. पण आई मधे पेन ड्राइव्ह घेऊन आली. काका, मला ती खरंच आवडलीय हो.”

चिंतामणींना मनापासून लाज वाटली. बाप म्हणून आत्ता आत जाऊन सांगायला हवं होतं. पण मुलाचं सांगायचं म्हणजे आपलं सांगायचं! तीस वर्षांचं इटालियन एका दुपारी भुयारी मार्गात बुडवायचं! त्यांची हिंमत झाली नाही.

“आधी पिक्चर संपू दे,” ते म्हणाले. “मी बोललो की तू हो म्हण, तू बोललास की मी हो म्हणतो. मग सावकाश सांगू.”

“कधी?”

“लग्नानंतर.”

एवढ्यात दिवे आले.

आता काय विचारता! दोघांची भीडच चेपली. मघाशी दोघं चाचपडत चालत होते, आता हातात हात घालून धावायला लागले. मुलगी का दिसत नाही? “तिला कांजिण्या झाल्यात,” चिंतामणी म्हणाले. “गोवर, काका,” अनीश म्हणाला. “आधी गोवर, मग कांजिण्या,” चिंतामणींनी मिटवून टाकलं. मिशीवाला गाय न घेताच परत निघाला आणि पुन्हा धुक्यात चालायला लागला. “मुहूर्त काढायला चाललाय,” अनीशने सांगितलं. पडद्यावर बर्फ पडला, वितळला, मिशीवाला परत आला. पुन्हा गायीचे दात पाहिले, पुन्हा गाय न घेता गेला. परत आला, परत गेला. “गुरुजी मिळत नाहीयेत,” चिंतामणी म्हणाले. “सीझन आहे.”

“आणि त्या मुलीच्या आईचं काय म्हणणं आहे?” सुनंदाताईंनी विचारलं. त्यांना ती बाई आग्रहापासून आवडली होती.

“साधी बाई आहे बिचारी. जावयाला मुलासारखं मानते.”

हे वाक्य हवेत असतानाच पडद्यावर गोठ्याचं दार लागलं आणि काळ्या झग्यातली बाई धावत जाऊन मिशीवाल्याच्या गळ्यात पडली. आणि मिशीवाल्याने तिचं असं काही चुंबन घेतलं की टीव्हीच्या वरची गणपतीची मूर्तीही संकोचली असेल!

“अगं बाई, सासू!” सुनंदाताई किंचाळल्या.

मालिनीबाईंनी खिचडीचा डाव तसाच हवेत धरला.

“आशीर्वाद देतेय,” अनीश म्हणाला.

“एवढा वेळ?”

“ऐसपैस असतो,” चिंतामणी क्षीण आवाजात म्हणाले.

“रिमोट कुठाय?” सुनंदाताई म्हणाल्या. “आणि त्या मुलीला कांजिण्या झाल्यात हो आत!”

“पोर नाय कोन आत,” बनूबाई शांतपणे म्हणाल्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “हीच पोर हाय. म्हाताऱ्याची. बायको नाय त्याची, पयल्यापासून नाय. म्हाताऱ्याला गाय इकायची हाय. ह्यो मिशीवाला गिऱ्हाइक. पन गाय घेतली त मंग परत यायचं कशाला? म्हनून दात बगतो, पाय बगतो, आन जातो. परत येतो. गायीसाठी नाय येत त्यो, हिच्यासाठी येतो. ती पयल्या दिवशी वरडली ना, ती म्हातारा तिची लाडकी गाय द्यायला निघाला म्हनून.”

पडद्यावर म्हातारा गोठ्याच्या दाराशी आला, त्याने दोघांना पाहिलं, टोपी काढली आणि गायीची दोरी मुलीच्या हातात दिली. मिशीवाला, मुलगी आणि गाय असे तिघे धुक्यात चालायला लागले. एक शब्द नाही. सुनंदाताईंच्या डोळ्यांना पदर लागला.

“म्हणजे,” चिंतामणी उभेच राहिले, “मुलगी बघायलाच आला होता! मी पहिल्यापासून काय म्हणत होतो? आणि आंदणात गाय! बघा, दिली की नाही?”

“हो काका! शब्दन् शब्द!” अनीश म्हणाला.

राजसी त्या दोघांकडे बघत नव्हती. ती बनूबाईंकडे बघत होती. “मावशी, तुम्हाला कसं हो कळलं हे सगळं?”

“मला त्यांचं बोलनं कलत नाय ना. मंग निस्ती तोंडं बगत व्हते,” बनूबाई म्हणाल्या. मग त्यांनी कर्टोल्यांची पाटी पुढे ओढत अगदी साधेपणाने भर घातली, “ह्यो पावना आन सायेब टीव्हीकडं बगतच नव्हते. सायेब काय बोलले का पावन्याकडं बगायचे, पावना बोलला का सायबाकडं. दोगं बी भ्यालेले.”

घरात सोड्यांचा खमंग वास सुटला होता आणि कुणालाही भूक नव्हती.

“अनीश?” सुनंदाताई म्हणाल्या.

अनीशने एकदा काकांकडे पाहिलं आणि सगळं सांगून टाकलं. डेअरी, पंजाबी मुकादम, सगळं! मग चिंतामणींनीही सांगितलं. नऊ दिवसांचं पोट, बारा दिवसांचा सिंधी. सांगताना त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मालिनीबाईंनी आतला कुकर बंद केला. सुनंदाताई पर्स घेऊन ताडकन उठल्या, खिडकीशी गेल्या, खालचं पाणी पाहिलं आणि परत येऊन बसल्या. राजसीचा चेहरा क्वालिटी कंट्रोलचा झाला होता. चिंतामणींना तो चेहरा चांगला माहीत होता. त्या चेहऱ्यामुळे गेल्या दोन वर्षांत सहा मुलं जिन्याने खाली गेली होती.

टीव्हीवर नावांची यादी वर सरकत होती. राजसीने रिमोट उचलला आणि यादी थांबवली. ती जवळ जाऊन वाचायला लागली.

“बाबा.”

“काय गं?”

“इथे लिस्बन लिहिलंय. खाली पोर्तुगाल. हा पिक्चर इटालियन नाहीच. पोर्तुगीज आहे!” ती अनीशकडे वळली. “कुठून आणलास?”

“उल्हासनगरहून. कॅम्प दोनमधून,” अनीश पुटपुटला. “दुकानदार म्हणाला, ‘साईं, फॉरेन चाहिए ना? ये फुल फॉरेन है.’”

सोफ्याच्या दोन टोकांवरून, एकाच वेळी, एकाच सुरात आवाज आला:

“तरीच!”

“तरीच म्हटलं, एक शब्द का कळत नाहीये!” चिंतामणींचा चेहरा उजळला होता.

“मला तर उच्चारावरूनच शंका आली होती, काका!”

“इटालियन असता तर...”

“...असता तर प्रश्नच नव्हता!”

राजसी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. आणि मग ती हसायला लागली. ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं.

“काकू,” ती डोळे पुसत सुनंदाताईंना म्हणाली, “मला थापाड्या नको होता. पण ह्याला थाप मारताच येत नाही हो! ह्याच्या थापा भाजीवाल्या मावशींनी दारात बसून पकडल्या. आमच्या बाबांसारखंच आहे अगदी. आईने यांच्याबरोबर इतकी वर्षं काढली, मी काढीन.”

अनीश उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. चिंतामणींनी नाक शिंकरलं. सुनंदाताईंनी पर्स खाली ठेवली आणि राजसीला जवळ घेतलं. “तांब्याभांड्याचं मनावर घेऊ नकोस हं,” त्या तिच्या कानात म्हणाल्या, पण ते सगळ्यांना ऐकू आलं.

मग पानं मांडली गेली. बनूबाईंचं पान सगळ्यांत आधी. बाहेर पाऊस तसाच कोसळत होता आणि आता कुणाचीच त्याबद्दल तक्रार नव्हती. मालिनीबाईंनी नवऱ्याच्या पानात वाफाळती खिचडी वाढली, वर तुपाची धार सोडली.

“प्रेगो,” चिंतामणी सवयीने म्हणाले.

मालिनीबाईंचा डाव थांबला. “अहो, तीस वर्षं विचारीन विचारीन म्हणतेय. प्रेगो म्हणजे काय हो?”

चिंतामणींनी अनीशकडे पाहिलं. अनीशने चिंतामणींकडे पाहिलं. आणि मग दोघांनी मिळून बनूबाईंकडे पाहिलं.